बिनगुळाची डाळ

सारंगखेडा, रविवार, दिवेलागण

पाहुणे आत्ताच शहाद्याला परत गेले. सोनल पसंत आहे म्हणाले. तरी मी दिवा लावायचा सोडून लिहीत बसलेय.

आमच्या डाळीत गूळ पडतोच. पण सोनलची पाळी महिनोन्‌महिने यायची नाही, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी गोड बंद करायला सांगितलं. तेव्हापासून पोरगी लहान पातेलीत स्वतःपुरती अख्ख्या मसुराची डाळ करते, मेथी घालून, बिनगुळाची. गेले दोन महिने पाळी वेळेवर आली.

आज ती पातेली लपवायची मी विसरले. मुलाची आई स्वयंपाकघरात आली आणि तिने बोटाने चाखलीच.

"हाई बिनगूयनी दाय कोनाकरता शे?"

सोनल तोंड उघडणार, तेवढ्यात मी म्हणाले, "मन्हाकरता. माले शुगर शे."

का बोलले मी? खरं सांगितलं असतं तर त्या उठून गेल्या असत्या. गेल्या असत्या? विचारून कुठे पाहिलं मी!

पुरुषांची पंगत उठल्यावर आम्ही बायका जेवायला बसलो. सोनलने माझ्या ताटातली जिलेबी उचलली. "मायले चालत नही." लहान पातेलीतली सगळी डाळ मला वाढली. स्वतः गुळाची घेतली. एक वाटी, मग दुसरी, माझ्याकडे बघत बघत. सासरी ही पातेली ती कशी नेणार, हे मला तेव्हा सुचलं. 

पाहुणे गेल्यावर तिने पातेली घासली आणि माझ्यासमोर ठेवली.

"माय, आतेपासून तुन्ही दाय तूच कर."