ऑटोजायरोतला मखमली सोफा

फिलाडेल्फिया, मे १९३२

प्रिय लविनिया,

मी ठणठणीत आहे. तुझ्या गुडघ्याचं काय?

डोक्यावर पंखा फिरणाऱ्या आमच्या ऑटोजायरो विमानाला मी बंद केबिन बांधली. एक जोड केसभर चुकलेला नाही. विक्रीवाल्यांनी मात्र आत मखमली सोफा, पडदे, फुलदाणी कोंबली. बघून किळस येते. त्या ओझ्यामुळे काल उडताना शेपूट कुंपणाला घासली. चालवत होता तुझा भाऊ एमेट. घाबरू नकोस, नुसतं खरचटलंय.

“गिऱ्हाइकाला दिवाणखाना लागतो, ऑरिन,” साहेब म्हणाले.

“मग जमिनीवरच विका,” मी म्हणालो.

शनिवारी एमेट गिऱ्हाइकांसमोर उडणार आहे. अशा फेरीत केबिन बांधणाऱ्यानेही बसायचं, हा इथला रिवाज. माझं वजन तुला ठाऊकच आहे. सोफा निघेल, नाहीतर विमानाचं ते धूड जमिनीवरून हलणार नाही.

आईला जप.

तुझाच,
ऑरिन