सात पंख्यांचा संगणक घरी नेऊ देण्याबाबत

दिनांक : १२

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालय,
दुसरा मजला (जिना चढून डावीकडे, उजवीकडे भांडार आहे, तिकडे गेलेले कागद परत येत नाहीत).

विषय : माझा स्वतःचा, माझ्या आवडीने सजवलेला संगणक डेडस्टॉक (कार्यालयीन जडवस्तू) रजिस्टरमधून सोडवून महिनाअखेरीस मला घरी नेऊ देण्याबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दिनांक ४.
२) भांडारपालांनी माझ्या संगणकाच्या काचेवर पांढऱ्या ऑइलपेंटने केलेले लिखाण.
३) त्रिसदस्यीय तपासणी समितीचा अहवाल.

महोदय,

मी खाली सही करणारी वरिष्ठ लिपिक, खिडकी क्रमांक तीन, चौतीस वर्षांच्या सेवेनंतर येत्या ३१ तारखेला निवृत्त होत आहे. "कार्यालयीन कक्षात नाचघरासारखी भडक रोषणाई करण्याचे कारण काय, व ती आपल्या वयास शोभते काय," असे दोन प्रश्न आपण नोटिशीत विचारले आहेत. पहिल्याचे उत्तर लांब आहे. दुसऱ्याचे लहान आहे : हो, शोभते.

१. गेल्या वर्षी खिडकी क्रमांक तीनवरचा सरकारी संगणक बंद पडला. मी तीन मागणीपत्रे दिली. तिन्हींना "मागणी नोंदवली" असे उत्तर आले. रांग जिन्यापर्यंत गेली आणि लोक माझ्या नावाने बोटे मोडू लागले, तेव्हा आपल्या आधीचे साहेब म्हणाले, "बाई, घरी असेल तर आणा की चार दिवस." हा आदेश तोंडी होता. मी भोळी, मी आणला. त्या चार दिवसांना आता अकरा महिने झाले.

२. संगणकाचे वर्णन आपण 'भडक' या एका शब्दात उरकले आहे, म्हणून तपशील देणे भाग आहे. माझ्या भाचीचे संगणक जुळवून देण्याचे दुकान आहे. दोन वर्षांपूर्वी तिने मला विचारले, "मावशी, तुला कसा हवा?" हा प्रश्न मला त्याआधी कोणी विचारल्याचे आठवत नाही. घराच्या भिंती यजमानांनी बदामी ठरवल्या, कारण बदामी मळत नाही. पडदे नणंदेने ठरवले, तेही बदामी. चष्म्याची फ्रेमसुद्धा दुकानदाराने "तुमच्या वयाला हीच बरी" म्हणून तपकिरी गळ्यात मारली. तेव्हा मी भाचीला सांगितले, काच हवी, आतले सगळे दिसले पाहिजे, आणि खोलीत येणारा माणूस दारात एकदा थबकला पाहिजे. या यंत्रावर मी रविवारी दुपारी मालट्रक चालवण्याचा खेळ खेळते. घाटातून भरलेला अठरा चाकी ट्रक उतरवते. ज्याने ट्रक चालवायचा त्याने तो हौसेने सजवायचा असतो, हे आपण कोणत्याही ट्रकवाल्याला विचारून खात्री करून घ्यावी.

दिव्यांचे कारखान्यातून आलेले सप्तरंगी चक्र मी पहिल्याच दिवशी बंद केले. सातही रंग एकदम पळवणे ही आवड नव्हे, ज्याला काही ठरवता येत नाही त्याची ती सोय आहे. यंत्र थंड ठेवणारे माझे सात दिवेवाले पंखे मोरपंखी रंगातून राणी रंगात जातात, तेही सावकाश, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखे. कळफलकावर मला लागतात तेवढ्याच कळा उजळतात. पुढच्या बाजूला जबडा उघडलेला ड्रॅगन छापलेला होता, तो मी खरवडून घेतला. दात दाखवणारे या कार्यालयात पुरेसे आहेत. आतल्या वायरींना मी स्वतः क्रोशाच्या सुईने लिंबू रंगाची आवरणे विणली आणि काचेआड पत्र्याचा एक बोटभर ट्रक उभा केला. आपल्या दालनातील टेबल, खुर्ची, पडदा व कचऱ्याची टोपली हे सर्व एकाच तपकिरी रंगाचे असल्याने मागील महिन्यात शिपायाने आपली तातडीची फाईल टोपलीत ठेवली, हे आपणास स्मरत असेलच. माझ्या टेबलावर असे होत नाही.

३. वार्षिक पडताळणीच्या दिवशी मी दाढ काढण्यासाठी अर्ध्या दिवसाच्या रजेवर होते. दाढ काढून, गाल धरून परत येते तो काचेवर, बरोबर पत्र्याच्या ट्रकच्या तोंडासमोर, 'डे. स्टॉ. ४१७' अशी बोटभर जाडीची पांढरी अक्षरे. भांडारपालांनी दिसेल त्या वस्तूवर आकडा टाकण्याच्या भरात माझा संगणकही सरकारजमा केला होता. मी दुकानाची पावती दाखवली. ते म्हणाले, "पावती घरची आहे हो, पण आकडा सरकारी आहे. आकडा पडला की पडला." मी त्यांना चौतीस वर्षे ओळखते. ते स्वतःच्या डब्यावरही आकडा टाकतात.

४. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसे यापुढे झाले. भांडारपालांनी रजिस्टरात नोंद घेतली ती अशी : "संगणक, काचेचा, दिव्यांसह, नग एक. पंखे, लहान, रंगीत, नग सात." आमच्या कक्षातील छताचा पंखा कुरकुरत होता म्हणून मी विद्युत शाखेकडे तेल मागितले. त्यांनी रजिस्टर पाहिले आणि "कक्षात सात पंखे कार्यरत असताना आठव्याची आवश्यकता दिसून येत नाही" असा शेरा मारून पंखाच काढून नेला. तो सध्या भांडारात फिरतो. पुढच्या आठवड्यात 'दिव्यांसह' या शब्दाच्या आधारे दोन्ही ट्यूबलाइटही गेल्या. कक्षाची एकमेव खिडकी जुन्या नोंदवह्यांच्या मांडण्यांनी बुजलेली आहे. परिणामी गेले तीन आठवडे या कार्यालयातील जन्म व मृत्यू माझ्या पंख्यांच्या उजेडात नोंदवले जात आहेत. शिपाई कागद वाचायला काचेजवळ आणतो. नातवाचा दाखला घ्यायला आलेले आजोबा सहीच्या सुरुवातीला मोरपंखी असतात आणि सही संपेपर्यंत राणी रंगाचे होतात. यावर मला रोषणाईची नोटीस यावी, ही चोराच्या उलट्या बोंबांची सरकारी आवृत्ती आहे असे मी नम्रपणे नमूद करते.

५. गेल्या महिन्यातील एका शुक्रवारी मी संगणक दोन्ही हातांत उचलून सरळ घरी निघाले. फाटकावरच्या पहारेकऱ्याने आकडा वाचला आणि मला अडवले. त्याच्या तिन्ही मुलांचे जन्मदाखले मी माझ्या हाताने दिलेले आहेत. तो बिचारा मान खाली घालून म्हणाला, "बाई, तुम्ही जा. पेटी नाही सोडता येणार." मी पेटीसह परत दोन मजले चढले.

नियम असा की रजिस्टरवर चढलेली वस्तू निरुपयोगी ठरवून निर्लेखित केल्याशिवाय बाहेर जात नाही. त्यासाठी आस्थापना शाखाप्रमुख, विद्युत शाखेचे कनिष्ठ अभियंता व स्वतः भांडारपाल अशी समिती सकाळी अकरा वाजता आली. निरुपयोगी आहे का हे पाहायचे तर चालवून पाहणे आले. चालवायचे तर त्यात ट्रकच होता. समिती कार्यालय सुटेपर्यंत हलली नाही. भांडारपालांनी घाटात दोनदा ट्रक उलटवला, तिसऱ्यांदा उतरवला आणि स्वतःच टाळ्या वाजवल्या. अहवाल आला : "यंत्र उत्तम चालू स्थितीत असून निर्लेखनास अपात्र. अधिक तपासणीची आवश्यकता." तेव्हापासून अधिक तपासणीसाठी समिती चार वेळा येऊन गेली आहे. शाखाप्रमुख हल्ली एकटेही येतात.

शेवटी भांडारपालांनी मला बाजूला घेऊन उपाय सांगितला. "बाई, एक हातोडा घाला काचेवर. दोन पंखे मोडा. मी त्याच दिवशी निरुपयोगी म्हणून लिहितो, मग खुशाल न्या." त्यांनी भांडारातून हातोडाही काढून दिला. त्यावरही आकडा होता. महोदय, हातोडा माझ्या खणात एक आठवडा पडून आहे. एकदा मी तो हातात घेतला. माझ्याच्याने झाले नाही, हे मी लपवत नाही.

६. ही वस्तू 'बालिश' असल्याचा नोटिशीतील आपला आक्षेप राहिला. जन्माची नोंद असली की मी सगळे दिवे पूर्ण तेजावर करते, कारण आलेल्या बापाचे तोंड तसेच असते. मृत्यूची नोंद असली की एक कळ दाबून ते मंद करते. गेल्या मंगळवारी एक म्हातारे गृहस्थ बायकोच्या मृत्यूची नोंद करायला आले. मी कळ दाबली. ते म्हणाले, "बंद कशाला केलंत? राहू द्या. हिला असलं चकचकीत फार आवडायचं. मी म्हणायचो, लोक काय म्हणतील." मी दिवे पुन्हा लावले. दाखला छापून झाला तरी ते जागचे हलले नाहीत. मोरपंखीचा राणी होईपर्यंत आणि राणीचा परत मोरपंखी होईपर्यंत काचेकडे बघत उभे राहिले. मागे रांग होती, पण कोणी ओरडले नाही. घरी जाऊन यजमानांना सांगितले तर ते बराच वेळ बदामी भिंतीकडे बघत बसले.

७. आता कायद्याचा मुद्दा. चालू स्थितीतील वस्तू निर्लेखित करता येत नाही असे आपले कार्यालय म्हणते. मग मी काय आहे? माझे डोळे, बोटे, स्मरणशक्ती आणि जीभ उत्तम चालू स्थितीत आहेत. शेवटच्या वस्तूबाबत हा अर्ज जे वाचतील ते सर्व सहमत होतील. तरीही अठ्ठावन्न पूर्ण झाली एवढ्याच कारणावरून मला ३१ तारखेला रजिस्टरमधून कमी करण्यात येत आहे. त्यासाठी समिती बसली नाही, कोणी चालवून पाहिले नाही, हातोडाही लागला नाही. जी सवलत माणसाला मिळते ती त्याच्या संगणकाला द्यावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

ते नियमात बसत नसेल तर दुसरा मार्ग सुचवते. माझ्या निरोप समारंभात मला भिंतीवरचे घड्याळ देण्याचे ठरले आहे. ते मी भांडारात पाहिले. बदामी आहे. निवृत्त होणाऱ्यास कार्यालयातील एखादी वस्तू स्मृतिचिन्ह म्हणून देण्याचा अधिकार कार्यालयप्रमुखास आहे. आपल्या आधीचे साहेब जाताना फिरती खुर्ची घेऊन गेले ती याच नियमाने. तरी घड्याळाऐवजी डे. स्टॉ. ४१७ ही वस्तू आपल्या हस्ते मला भेट द्यावी. माझीच वस्तू मला भेट म्हणून घ्यावी लागेल याबद्दल माझी काही हरकत नाही. भाषणात आपण तिला भडक म्हणालात तरी चालेल.

काचेवरचा आकडा पुसून देण्याची तयारी भांडारपालांनी दाखवली आहे. त्यास मात्र माझा विरोध आहे. चौतीस वर्षांत मी लाखभर माणसांना ती जन्मल्याचे आणि गेल्याचे सहीशिक्क्याचे पुरावे दिले. माझ्या आवडीची एक वस्तू या जगात होती आणि ती माझी होती, याचा सरकारी नोंद असलेला पुरावा माझ्याकडे तेवढाच आहे. तो राहू द्यावा.

आपली, अजून एकोणीस दिवस नम्र,

(स्वाक्षरी)
वरिष्ठ लिपिक, खिडकी क्रमांक तीन

सोबत :
१) दुकानाची पावती.
२) समितीचा अहवाल व समितीने घाटात उलटवलेल्या ट्रकचे छायाचित्र.
३) हातोडा, नग एक, न वापरलेला.
४) माझ्या निवृत्तीच्या आदेशाची प्रत. तपासणी अहवाल जोडलेला नाही, कारण तपासणी झाली नाही.