आभारप्रदर्शनात राहून गेलेले नाव

मी, परशराम ज्योतिबा मधाळे, वय वर्षे एकाहत्तर, सेवानिवृत्त मराठी शिक्षक, राहणार निपाणी, धर्म बौद्ध, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मधुमेह आहे. डावा डोळा अधू आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही आणि कोणी धाक घातला म्हणूनही नाही.

परशराम हे नाव आईने ठेवले. ती तेव्हा सौंदत्तीच्या देवीला जात असे; परशराम हा त्या देवीचा मुलगा. पुढे वडिलांनी दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले. नाव मात्र राहिले. बदल म्हणणारे पुष्कळ भेटले. आईने हाक मारलेले नाव बदलावे असे मला कधी वाटले नाही.

हे मृत्युपत्र मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. पहिल्या मसुद्यात घराचा निम्मा भाग माझे थोरले बंधू आण्णाप्पा यांना दिला होता. अकरा वर्षे ते माझ्याशी बोलत नव्हते. तो भाग त्यांनी घ्यावा आणि मला माफ करावे, एवढ्यासाठी तो मसुदा होता. तो का रद्द केला हे कलम चारमध्ये येईल.

कलम एक. घरातील वस्तू. पुस्तके आमच्या गल्लीतील विहारास द्यावीत. व्याकरणाची आधी द्यावीत, ती पुस्तके मुले नेत नाहीत, निदान जागेवर सापडतील. वेताची खुर्ची शेजारच्या सौम्या हिरेमठ यांना आधीच देऊन टाकली आहे, ती यात धरू नये. त्या परिचारिका आहेत. चार वर्षे माझी साखर तपासतात, कन्नडमध्ये रागावतात आणि मराठीत चहा मागतात. आई जयाबाई विड्या वळायची, तिचे सूप आणि विडीची पाने कापायची कात्री माझी मुलगी प्रियदर्शनी हिने बेळगावला न्यावी. भिंतीवर लावू नये. कात्री अजून कापते, वापरावी.

कलम दोन. माझे शिक्षण. हे मिळकतीत धरत नाहीत, पण माझी खरी मिळकत तेवढीच आहे. वडील वारले तेव्हा मी दहा वर्षांचा होतो आणि आण्णा चौदाचा. त्याच महिन्यात आण्णाने सातवीतून शाळा सोडली आणि तंबाखूच्या वखारीत कामाला लागला. तंबाखू चाळायला चाळणीवर उभा राहायचा. संध्याकाळी घरी आला की अंगणातच अंग झटकायचा, तरी आम्ही सगळे शिंकायचो. आई हसायची. मग तो हातपाय धुऊन माझ्याजवळ बसायचा आणि म्हणायचा, वाच. काय वाचू विचारले तर म्हणायचा, कायबी वाच. मी भूगोल वाचला तरी तो ऐकायचा. पुढे मी कोल्हापूरला एम. ए. केले. पहिल्या वर्गात आलो तेव्हा त्याने वखारीत सर्वांना चहा पाजला. माझ्यासाठी स्वतःचे शिक्षण थांबवलेल्या त्या माणसाचा मी ऋणी आहे. हे वाक्य मी आयुष्यात प्रथमच लिहीत आहे.

कलम तीन. माझी साधना आणि माझा दोष. तीस वर्षांपूर्वी आमच्या विहारात पावसाळ्यात वर्षावासासाठी एक भंते राहिले होते. त्यांनी सांगितले होते, पंचशील म्हणून झाले की एका माणसाचे नाव घ्यावे, ज्याच्यामुळे आजचा दिवस तुमच्या वाट्याला आला. मोठे नाव शोधू नये. तेव्हापासून मी रोज एक नाव घेतो. दूधवाला, चिकोडी गाडीचा कंडक्टर, नळाला पाणी सोडणारा. सकाळी पत्र्यावर कावळे असत, उदबत्तीचा वास असे, पत्नी नीला मागे चहा गाळत असे. ते दिवस फार चांगले होते. तिचे नाव मी ती गेल्यावर घेतले.

आपल्या माणसाचे आभार मानायचे नसतात, असे मी समजत होतो. गावात मात्र आभारप्रदर्शन म्हटले की मधाळे मास्तर. कुणी सुटायचे नाही. २०१३ साली मी निवृत्त झालो. शाळेच्या पटांगणात सत्कार झाला. शेवटचे आभारही मीच मानले. मांडववाल्याचे मानले, माईकवाल्याचे मानले, पाणी देणाऱ्या शिपायाचे मानले. आण्णा दुसऱ्या रांगेत नवा शर्ट घालून बसला होता. त्याचे नाव घेतले नाही. तो न जेवता गेला आणि पुढे चिकोडीला मुलीकडे राहू लागला.

एका सहकाऱ्याने मला राखीव मास्तर म्हटले होते. त्याचेही नाव मी एका सकाळी घेऊन पाहिले. जमले नाही. अजून जमत नाही. ते तसेच सोडून जात आहे.

कलम चार. घर. मागील महिन्यात पहिला मसुदा घेऊन मी चिकोडीला गेलो. आण्णा दारात शेंगा फोडत बसला होता. मला बघून म्हणाला, "चप्पल काढ. पोरीनं आत्ताच पुसून घेतलंय."

मी बसलो. घराचे सांगितले.

"मी काय आता निपाणीला संसार मांडाय येतोय व्हय?" तो म्हणाला.

"आण्णा, तुझ्यामुळं शिकलो मी."

"मग त्या दिशी माइकवर काय झालतं? मांडववाल्याचं घेतलंस. माइकवाल्याचं घेतलंस. मी म्हटलं आता येतंय माझं, आता येतंय. तर म्हणालास, जेवाय चला."

"चुकलं माझं."

"अकरा वर्सं लागली व्हय रं? आणि रोज एकाचं नाव घेतोस म्हणं तू. माझी पाळी कवा हाय?"

मी जमिनीवरची फोलपटे गोळा करू लागलो. त्याने मूठभर शेंगदाणे माझ्यापुढे सारले. म्हणाला, "घर पोरीला दे. मला साक्षीला घे."

मी सांगितले की ज्याला मिळते त्याला साक्षीदार करू नये, पुढे शंका निघतात, असे वकील म्हणतात. एक काहीतरी घ्यावे लागेल.

"मग बरंच की. घर न्हाय घेत. भाषणात न्हवतो, कागदात असू दे."

म्हणून पहिला मसुदा रद्द. संपूर्ण घर प्रियदर्शनीला. पुढची सोप्याची खोली रविवारी वंदनेसाठी उघडी ठेवावी, ही माझी विनंती आहे, अट नाही.

कलम पाच. बँकेतील शिल्लक प्रियदर्शनीची. मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना व्हावी, जेवण व्हावे. भाषणे नकोत. आभारप्रदर्शन कोणीही करू नये.

आज हा कागद माझ्या सोप्यात दोन्ही साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. कलम दोन वाचून झाल्यावर साक्षीदार क्रमांक दोन यांनी मला थांबवले आणि आपले म्हणणे लिहून घेतल्याशिवाय सही करणार नाही असे सांगितले. त्यांचे शब्द पुढीलप्रमाणे:

"कलम दोन खरं न्हाय. मी शाळा सोडली ती ह्याच्यासाठी न्हवं. मला वर्गात बसवतच न्हवतं. डोस्क्यात कायबी शिरत न्हवतं. वखारीत बरं वाटायचं, दोस्त होते. ह्यानं उगंच मनाला लावून घिऊ नये."

साक्षीदाराचे म्हणणे जसेच्या तसे नोंदवले आहे. सहावीच्या वार्षिक परीक्षेत साक्षीदार वर्गात पहिले आले होते. ते प्रगतिपुस्तक आईच्या ट्रंकेत आहे. त्यामुळे हे म्हणणे मला मान्य नाही. तथापि साक्षीदार माझ्याहून वडील आहेत, म्हणून ते खोडलेले नाही.

स्थळ: निपाणी
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२४, रविवार

मृत्युपत्र करणार: परशराम ज्योतिबा मधाळे (सही)

आमच्या समक्ष सही केली:

साक्षीदार १: सौम्या हिरेमठ, परिचारिका, निपाणी (सही)

साक्षीदार २: आण्णाप्पा ज्योतिबा मधाळे, वखार कामगार, सध्या चिकोडी. मृत्युपत्र करणाऱ्याचा थोरला भाऊ (सही)