नागप्पाची भजी आणि तेलाचा काटा

धनराज,

ट्रकची चावी शोधू नको, ती माझ्यापाशी हाय. मी सकाळच्या बसनं चिंताकीला, तुझ्या ड्रायव्हरच्या, नागप्पाच्या घरी चालले.

परवा म्या म्हणलं, "तुझा ड्रायव्हर इंजनातलं ऑईल काढून भजी तळतो." ती थाप होती रे बाबा. तू भज्याला हसलास, पण ऑईल काढतो हे मनात धरलंस. काल गाडी बीदरहून तापून आली, इंजन चालू ठेवून दारात उभी ऱ्हायली. तू तेलाचा काटा खाली पाहिलास अन् त्या माणसाला चोर म्हणून हाकललंस. मी तिथंच शेंगा फोडत बसले होते. थाप खपली म्हणून मनात हसले. तो जाताना "येतो अव्वा" म्हणून माझ्या पाया पडला.

आज पहाटे इंजनातली तेल मोजायची काडी काढून पाहिली. तेल वरच्या खुणेपर्यंत हाय. काडी लुगड्याला पुसली. ते दोरीवर हाय, डाग बघ.

काटा तेल किती हाय ते न्हाई, तेलाचा दाब दावतो. जुन्या इंजनाचं असंच असतंय. थंड असताना काटा वर, तापून उभं ऱ्हायलं की खाली, जरा रेस दिला की पुन्हा वर. तुझ्या आज्याच्या गाडीचा काटा जलमभर असाच नाचला. रेस देऊनबी उठला न्हाई, तर मात्र इंजन लगेच बंद करायचं. हे मला कालबी ठावं होतं.

भाकरी दुरडीत हाय. नागप्पानं चावी घेतली तर दुपारी दोघं येऊ. मला खरं सांगायची सवय न्हाई, म्हणून बसमधी पाठ करत जाते.

आज्जी