भिंत नको इतकी गुळगुळीत झाली

तीर्थरूप वन्सं यांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपला लिहिण्यापुरता. शिडी धरून धरून माझे खांदे आणि कंबर संपावर गेलेत. सध्या फक्त मान वाकते, तेवढीच गोड मानून घ्या.) आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुमच्या यजमानांचा खोकला कसा आहे? तुमचा गुडघा? जिने चढू नका असं मी सांगायचं आणि तुम्ही ऐकायचं नाही, हेही पद्धतीप्रमाणे पार पडलं असं समजू आणि मुद्द्यावर येऊ.

आईंचा तुम्हाला फोन आलाच असेल. "मला घेऊन जा, मला इथे सुधरत नाही," असं म्हणाल्या असतील. आणि फोन ठेवून तुम्ही मनाशी म्हणाला असाल, झालं, भावजयीचं आणि आईचं वाजलं. वन्सं, देवाशपथ सांगते, तसं काही नाही. आमची भांडणं पूर्वीसारखीच सुरळीत चालू आहेत. चहात साखर कमी इथून सुरुवात होते आणि जेवणाच्या आत मिटतात. हे प्रकरण निराळं आहे, आणि त्याच्या मुळाशी तुमचे बंधुराज, एक रोलर आणि गुळगुळीतपणाचं खूळ आहे. शनिवारी तुम्ही आईंना न्यायला येणार असं त्यांनी मला ऐकवलं. याल, नाही कशाला म्हणू? पण यायच्या आधी हे सगळं वाचा. फोनवर बोलता येत नाही, कारण आईंना दिसत कमी असलं तरी ऐकू इतकं येतं की मी मनातल्या मनात पुटपुटले तरी त्या आतल्या खोलीतून उत्तर देतात. म्हणून स्वयंपाकघराचं दार घट्ट लावून, ओट्यावर कागद ठेवून, उभ्यानेच लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर ओट्याला बोल लावा.

तुम्हाला ठाऊकच आहे, आईंना आता उजेड-अंधार आणि माणसांच्या आकृत्या एवढंच कळतं. तरी त्या घरभर हिंडतात आणि कुणाचा हात म्हणून धरत नाहीत. (मी एकदा धरायला गेले तर म्हणाल्या, मी काय आजारी आहे?) तळहात भिंतीला टेकवला की बाई निघाल्या. खोलीतून बोळात, बोळातून न्हाणीघरात, तिथून स्वयंपाकघरात, माझी कणीक सैल झाली हे सांगायला. तर मागे एकदा असंच जाताना जुन्या रंगाचा पोपडा त्यांच्या तळव्यात घुसला. थेंबभर रक्त आलं. त्यांनी हळद दाबली आणि विसरल्या. पण ह्यांनी ते रक्त बघितलं, आणि तुम्हाला तुमचा भाऊ माहीत आहे. त्या दिवशी जेवले नाहीत धड. म्हणाले, आईचा हात फिरतो ती भिंत लोण्यासारखी झाली पाहिजे.

रंगारी बोलावला. भला माणूस होता बिचारा. भिंत बघून म्हणाला, दोन हात मारून देतो, चकाचक. आता ज्या माणसाचा सगळा जन्म डोळ्याला भिंग लावून मनगटी घड्याळांची पोटं उघडण्यात गेला, त्याला चकाचक म्हणून कसं चालेल? ह्यांनी बॅटरी आणली, भिंतीला चिकटवून तिरपा उजेड पाडला आणि म्हणाले, असं बघितलं तरी एक उंचवटा दिसता कामा नये. रंगारी म्हणाला, काका, भिंत आहे ही, आरसा नाही. मग ह्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. आईंना तुमच्याकडे पोचवलं ते त्याच आठवड्यात. "जरा लेकीकडे हवापालट" असं आम्ही म्हणालो होतो, ते रंगाच्या वासापासून वाचवायला. त्यांना इथे येऊन एकदम सुखद धक्का द्यायचा होता हो. धक्का बसला, सुखद तेवढा राहून गेला.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. आधी खरवडणं. पोपडे तर काढलेच, पण भिंतीत जिथे म्हणून टेंगूळ होतं ते छिलून काढलं, जिथे भेग होती ती पुट्टीने बुजवली, मग काचकागदाने घासलं, मग तळहात फिरवून डोळे मिटून "हं" म्हणायचं आणि पुन्हा घासायचं. पांढरी पूड डाळीत, तांदळात, माझ्या केसांत. (शेजारीण म्हणाली, एकदम म्हाताऱ्या दिसायला लागलात. मी म्हटलं, घरी घड्याळजी आहे, काळ पुढे ढकलतो.) मग ओल्या फडक्याने सगळी भिंत पुसली, आणि अस्तराचा हात दिला. इथपर्यंत ठीक होतं. मग ह्यांनी रोलर आणला, तो चांगला झुबकेदार, लांब केसांचा, का तर म्हणे रंग जास्त धरतो. रंग धरला खरा, पण केस सोडले. अख्ख्या भिंतीला लव फुटली. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. हे दुकानातला चिमटा घेऊन आले आणि भिंग लावून एकेक केस उपटत बसले. जिथून केस निघाला तिथे चिमट्याची खूण राहिली. मग त्या खुणा घासायला पुन्हा काचकागद.

रंगाचा दुकानदार म्हणाला, आखूड केसांचा रोलर घ्या, वापरायच्या आधी धुऊन पिळून घ्या म्हणजे सुटे केस निघून जातात. तसं केलं. त्या दिवशी भिंत फार सुरेख जमत आली होती. अर्ध्यावर आली आणि दारात एक गिऱ्हाईक हजर, गजराचं घड्याळ घेऊन. हे रोलर ठेवून उठले. नुसतं बघतो म्हणाले आणि घड्याळाचं पोट उघडलं. परत आले तोवर काठ सुकला होता, त्याच्यावरून रोलर फिरवल्याबरोबर भिंतीच्या मधोमध उभा पट्टा, कुणी इस्त्री फिरवता फिरवता विसरून जावं तसा. मी काही बोलले नाही. (बोलले. पण ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.)

शेवटी मात्र ह्यांना वर्म सापडलं, आणि कबूल करते, माणसाचा हात बसला. कडा आधी ब्रशने काढून घ्यायच्या. रोलर रंगात बुडवायचा नाही, नुसता टेकवायचा आणि ट्रेच्या उतारावर फिरवून सगळीकडून सारखा भिजवायचा. ओल्या बाजूकडून कोऱ्या बाजूकडे जायचं, काठ सुकू द्यायचा नाही, रोलरवर जोर द्यायचा नाही. आणि सगळ्यात शेवटी, जवळजवळ कोरड्या रोलरने, वरून खाली, एकाच दिशेने, पिसासारखा हात. भिंत सुरू केली की संपेपर्यंत थांबायचं नाही. त्या वेळात मला बोलायची बंदी होती, शिंकायचीसुद्धा. शिडी धरायची आणि श्वास बेताने घ्यायचा. दारंही त्यांनी घासून तशीच तुकतुकीत केली.

मला रोलरला हात लावू दिला नाही हे वेगळं सांगायला नको. पण एकदा हे कुणाचं तरी घड्याळ द्यायला गेले होते, ट्रेमध्ये रंग उरला होता, आणि बोळात स्वयंपाकघराच्या दाराशेजारचा तुकडा तेवढा राहिला होता. म्हटलं, एवढं बघते आहे इतके दिवस, त्यात काय मोठं? घेतला रोलर आणि दाबून फिरवला. जरा सुकल्यावर वाटलं, इथे कमी पडलंय, म्हणून पुन्हा फिरवला. मग आणखी एकदा. संत्र्याच्या सालीसारखं झालं, वर दोन ओघळ, आणि एक केस, तो रोलरचा की माझा ते अजून ठरायचं आहे. हे परत आले, बघितलं, आणि चष्मा काढून पुसत बसले. रागावले असते तर बरं वाटलं असतं. रंग संपला होता, तीच छटा पुन्हा जुळणार नाही म्हणाले. तेव्हापासून हुकूम असा की स्वयंपाकघराचं दार कायम उघडं ठेवायचं, म्हणजे ते भिंतीला टेकतं आणि माझा पराक्रम त्याच्या आड जातो.

आणि मग आई आल्या. हे बोळाच्या तोंडाशी उभे, चेहरा असा की शाळेत बक्षीस मिळणार आहे. आईंनी तळहात टेकवला, चार पावलं चालल्या आणि थांबल्या. हात वर नेला, खाली नेला. म्हणाल्या, "ही कुणाची भिंत?" आम्ही दोघं हसलो हो, कौतुक वाटतंय असं समजून! त्या पुढे निघाल्या आणि न्हाणीघर समजून आमच्या खोलीत गेल्या. तिथून वळल्या, बराच वेळ चाचपडल्या, आणि कपाटासमोर उभं राहून मला म्हणाल्या, "अगं, चहा टाकतेस ना?" मी त्यांच्या मागे उभी होते.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. ती भेग आली की न्हाणीघर. ते टेंगूळ, जिथे जुन्या नळाचं भोक कुणीतरी ओबडधोबड बुजवलं होतं, ते आलं की त्यांची खोली. त्या पोपड्यांच्या पलीकडे मी. इतकी वर्षं त्या हाताने घर वाचत होत्या, आणि आम्ही काचकागद घेऊन ते साफ करून टाकलं. पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, "माझं घर पुसून टाकलंत रे." रागाने नाही, नुसतंच. वन्सं, ह्यांचं तोंड बघवत नव्हतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईंनी न्हाणीघरात जायला माझा हात मागितला. आजवर कधी मागितला नव्हता. मी हात दिला आणि आत जाऊन रडले, खोटं कशाला सांगू?

ह्यांनी उपाय काढला नाही असं नाही. भिंतीवर पुट्टीचे ठिपके दिले, अगदी मोजूनमापून: एक ठिपका म्हणजे आईंची खोली, दोन म्हणजे न्हाणीघर, तीन म्हणजे स्वयंपाकघर. इतके सुबक, जणू घड्याळाच्या तबकडीवर बसवायचेत. आईंनी हात फिरवला आणि म्हणाल्या, मी काय आकडे मोजत चालू घरात? ते जुनं टेंगूळ पुन्हा करायचं म्हटलं, तर ते नक्की कुठे होतं हे आम्हाला दोघांनाही सांगता येईना. रोज समोर होतं, पण बघितलंय कुणी? आता आई पलंगाच्या काठाला बसून असतात आणि तुमच्या भिंतींचं कौतुक करतात. म्हणतात, लेकीकडे भिंती चांगल्या खरखरीत आहेत, मला तिथे सगळं कळतं.

तर हकिकत ही अशी. यात भांडण नाही, वाईटपणा कुणाचाच नाही. एवढं वाचून आमच्याबद्दलचा गैरसमज दूर करावा, आणि गुडघ्याला शेक चालू ठेवावा.

तुमची भावजय

ता. क. इतकं लिहूनही मुख्य गोष्ट राहिली. शनिवारी येऊ नका. आईंना फोन करून सांगा की तुमच्याकडेही रंगकाम काढलंय, सगळं खरवडून ठेवलंय, महिनाभर तरी पाय ठेवायला जागा नाही. खोटं बोलायला सांगते आहे, पाप माझ्या माथी. तुम्ही त्यांची लेक आहात, तुमचा हक्क पहिला, मला कळतं. पण त्या एकदा गेल्या तर या घरात पुन्हा यायच्या नाहीत असं मला वाटतं, आणि चहात साखर कमी आहे असं कुणी म्हटलं नाही, तर मी चहा कुणासाठी करायचा?

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार तोच दारावर थाप पडली. उघडलं तर बाहेर आई, एकट्या. मी लिहायला दार लावून घेतलं होतं ना, त्यामुळे माझा तो पराक्रम उघडा पडला होता. त्यांचा तळहात बरोबर त्याच्यावर. ओघळावरून बोट खाली आणलं, तो केस नखाने चाचपला आणि म्हणाल्या, "हे तुझं काम ना?" मी मान खाली घालून हो म्हटलं. म्हणाल्या, "वाटलंच. तुझी शिवणसुद्धा अशीच असते. इथे हात लागला आणि म्हटलं, आलं आपलं घर. चहा टाक." मी टाकला. साखर कमी निघाली. आता त्यांचा हुकूम आहे की त्यांच्या खोलीच्या आणि न्हाणीघराच्या दाराशीही मीच रंग लावायचा, मला जमतो तसा, आणि ह्यांना तेवढा वेळ दुकानात पाठवायचं. मुक्काम इथेच. फोन करायची गरज नाही.

तिसरा ता. क. हे सगळं ह्यांनी दारात उभं राहून ऐकलं. रोलर धुतला, पिळला, वाळत घातला. मग मला विचारलं, ताईच्या बैठकीच्या भिंतीचे पोपडे निघालेत असं आई म्हणत होती, खरं का? मी म्हटलं असेल. तर हे शनिवारच्या गाडीने तुमच्याकडे निघतायत. बॅटरी, भिंग, चिमटा, सगळं पिशवीत भरलंय. तेव्हा वर जे खोटं बोलायला सांगितलं होतं, ते आता खोटं राहिलेलं नाही. शिडी धरायला कुणीतरी बघून ठेवा, आणि एखादा कोपरा गुपचूप स्वतः रंगवून टाका.