न उठणाऱ्यांसाठी घड्याळ

तीर्थरूप आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझे गुडघे, काकांचा खोकला आणि तुमच्या शेजारणीचा स्वभाव, तिन्हींना उतार असेल अशी आशा आहे. आम्ही मजेत आहोत.

आमचा गजराच्या घड्याळांचा कारखाना तुला ठाऊकच आहे. मोबाइल आल्यापासून तिथे इतकी सामसूम, की चुकून गजर वाजला तर आम्हीच दचकायचो. शेवटी बायको म्हणाली, "आपली डोकी संपली. आता बाहेरची घेऊ." इंटरनेटवर अशी एक सोय आहे, की कंपनीने आपली अडचण मांडायची आणि जगभरच्या अनोळखी माणसांनी अक्कल पाजळायची. (हे काम नातेवाईक फुकटात करतात. तुला उद्देशून नाही.) आम्ही लिहिलं, माणूस गजर बंद करून पुन्हा झोपतो, उपाय सुचवा.

उपाय धडाधड आले. आता चाचणीसाठी कुंभकर्ण हवा होता. बायकोने फार शोधाशोध केली नाही. एका प्राध्यापकाचं घड्याळ चाकांवर पळायचं. ते पलंगाखाली शिरलं, त्याच्यामागे मी शिरलो आणि तिथेच झोपलो. एका नर्सच्या घड्याळाने पाण्याची पिचकारी मारली. मी नेमकी कूस बदलली; जाग बायकोला आली. एका विमा एजंटाचं यंत्र गादीच तिरकी करायचं. मी धाडकन खाली पडलो, तरी घोरणं थांबलं नाही, हे बायको येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगते.

मग एका निवृत्त शिक्षिकेने दोनच ओळी लिहिल्या: "आवाज मोठा नको. ज्याच्यापुढे सबब चालत नाही, असा हवा." बायकोने घड्याळात स्वतःचा आवाज भरला, मी झोपेतच "हो, हो" म्हणालो. आईचा भरला, म्हणालो, "पाच मिनिटं गं." पण कल्पना एका बड्या दुकानदाराला पसंत पडलीय. मला उठवून दाखवलं, की पहिली ऑर्डर आमची. बाईंना आम्ही भागीदार केलंय. कारखान्यात पुन्हा खटखट सुरू आहे, आणि मन कसं भरून येतं म्हणून सांगू!

तुझा,
भाचा

ता. क. : परवा सकाळी तुझा फोन आला तेव्हा बायकोने तो स्पीकरवर टाकला होता. तू एवढंच विचारलंस, "उठला का गं तो?" पुढचं मला आठवत नाही, पण मी दात घासून, भांग पाडून दारात उभा होतो म्हणे. तेव्हा तेच वाक्य जरा रेकॉर्ड करून पाठवशील का? एकदा साधं, एकदा संशयाने.

ता. क. दुसरा : बायको विचारते, एवढ्यासाठी पत्र कशाला, फोन का करत नाही? आत्या, फोनवर तुझा आवाज ऐकला की मी ताठ उभा राहतो आणि "हो आत्या" सोडून काही सुचत नाही. काही मागायचं तर पत्रच बरं.