आठ वर्षं नळी उघडी हाय

बाबा, काल यांना परत पट्ट्यावर चालवलं. मुंबईच्या हॉस्पिटलात एक फिरता पट्टा हाय, त्याच्यावर माणूस एकाच जागी चालत राहतो, छातीला वायरी लावलेल्या असतात, आणि डॉक्टर मशीनमधून निघणारा कागद बघत राहतात. हे चालले. पट्टा तिरका केला तरी चालले. मग जोरात केला तर धावायलाच लागले, जशी काय शिफ्टची बस सुटतेय. शेवटी डॉक्टरच बोलले, "बस करा हो, मशीन दमेल माझी." मी दारातून बघत होती. यांना घाम आला होता, पण तो कष्टाचा घाम होता. मला दोन घामांतला फरक कळतो. तो तूच मला शिकवलास, पण ते तुला ठाऊक नाय, म्हणून आज लिहायला बसली. मी चौथीपर्यंतची, चुका असतील. पण तुला तर वाचताच येत नव्हतं, मग कशाला लाजू?

तो दिवस मला अजून तसाच दिसतो. होडी सकाळीच लागलेली, आय टोपली घेऊन निघायच्या तयारीत, आणि तू ओट्यावर येऊन बसतोस. डावा हात उजव्या हातानं चोळतोस, खांद्यापासून मनगटापर्यंत, जसा भिजलेला दोर पिळतात तसा. मग हनुवटी चोळतोस. बोलतोस, "बाय, दात लय दुखतोय गो, पाणी दे." मी पाणी आणलं तर तुज्या कपाळावर घाम, थंडगार, पौषातल्या सकाळी. शेजारची काकू बोलली गॅस हाय, तिनं सोडा पाजला. आयनं मीठ तव्यावर भाजून फडक्यात बांधून छाती शेकली. तू पण बोललास, वारा भरलाय, उतरेल. सगळे तुला बरं करायच्या मागं लागले होते, आणि दवाखान्यात न्यायचं कोणाच्या मनातच आलं नाय. दुपारची भरती यायच्या आत तू गेलास. तू चाळीस वर्षांचा होतास आणि मी दहाची. पुढं माजी शाळा सुटली आणि मी आयच्या बरोबर बोंबील सुकवायला लागली.

मग लग्न झालं. हे आपल्यातलेच, पण बोईसरला कंपनीत, म्हणून मी खोलीत राहायला आली. पोरगी दहा महिन्यांची होती तेव्हाची गोष्ट. मार्गशीर्ष होता. मी तिला दारात आंघोळ घालत होती, हे पहिली पाळी करून आले, डबा ठेवला, खाली बसले आणि बोलले, "दात दुखतोय काय समजत नाय." आणि डावा हात चोळायला लागले. खांद्यापासून मनगटापर्यंत.

बाबा, मी पोरीला साबणासकट उचलली. यांच्या कपाळाला हात लावला तर थंड. मी इतकी ओरडली की सगळी चाळ बाहेर आली. हे हसतात, "अगो, दाताला काय बोंब मारतेस? लोकं काय बोलतील?" समोरची बाई सोड्याचा ग्लास घेऊन धावत आली, "पाज पाज, गॅस हाय, माज्या नवऱ्याला पण होतो." मी तिच्या हातातला ग्लास घेऊन मोरीत ओतला. बोलली, "सोडा माज्या बापाला पाजला होता." मग तिनंच ओली पोर माज्याकडून घेतली आणि रिक्षावाल्याला हाक मारली. तो भैया पण बरा, बोलला, "भाभी, आप पीछे पकड के बैठो, मैं उड़ाता हूँ." हे वाटेत पण सांगत होते की दाताचा डॉक्टर दुसऱ्या गल्लीत हाय.

बोईसरच्या डॉक्टरनं छातीला वायरी लावून कागद काढला आणि त्याचं तोंडच बदललं. इंजेक्शन दिलं, गाडी करून दिली, मुंबई. तिथल्या मोठ्या डॉक्टरनं मला कागदावर काढून दाखवलं. हे हृदय, ही त्याला रक्त नेणारी नळी, ही इथं बुजलीय. मांडीतून बारीक तार घालायची, तिच्या टोकाला फुगा, तो बुजलेल्या जागी फुगवायचा, की वाट मोकळी. मी विचारलं, फुगा फुटला तर? ते बोलले, "फुटत नाही. आणि तुम्ही अर्धा दिवस उशीर केला असता तर विचारायला मी तुम्हाला भेटलोच नसतो." मी बाहेर बाकावर बसली. पोर बोईसरला, दुधानं छाती ठणकत होती, पदर भिजलेला. सारखं एकच डोक्यात, माजी पोर पण दहा वर्षांची व्हायच्या आधीच बिनबापाची होणार. मग दार उघडलं आणि हे आडवेच बोलले, "दात थांबला." तेव्हा मी पहिल्यांदा रडली.

घरी सोडताना डॉक्टरनं बजावलं. गोळी रोज, विडी बंद, तळलेलं बंद, आणि सहा महिन्यांनी दाखवायला यायचंच. फुगवलेली नळी पुष्कळ जणांची परत आवळते, आणि आवळायची ती याच सहा महिन्यांत. सहा महिने निभावले की पुढं लांबपर्यंत जातात. मी मान हलवली आणि घरी येऊन मोजायला बसली, तू शिकवलेलं तसं, अंगठा पेरांवर ठेवून. आठवतंय ना, उधाण कधी, भांगाचं कमी पाणी कधी, तिथ चुकली की तू माज्या बोटांवर टिचकी मारायचास. तू बोलायचास, तारीख सरकारची, तिथ आपली. तर मार्गशीर्षातली पुनव धरली, पौष, माघ, फाल्गुन, चैत्र, वैशाख, जेठ. जेठाच्या पुनवेला जायचं. पक्कं.

आणि त्या वर्षी मधी मळमास आला. आपल्यात मळमास कोण धरतो? नवस असो, लग्न असो, तो महिना मोजायचाच नसतो. मी पण नाय मोजला. उलट आयनं जावयाला धोंड्याच्या जेवणाला बोलावलं, सासरा नाय म्हणून सगळी हौस तिनंच केली, अनारसे काय, पुरणाचे धोंडे तळून काय. मी डोळे मोठे केले तर हे बोलले, "दोन-तीन वर्षांनी येतो गो, सासूचा मान राखायला नको?" आणि त्याच महिन्यात हे बोईसर स्टेशनच्या पुलावर छाती भरून येते म्हणून मधेच थांबायला लागले होते. मला सांगितलं नाय. मला दाखवायला गाडीचं नाव वाचल्यासारखं करायचे, आणि मी वेडी विचारायची, कुठली गाडी?

जेठाच्या पुनवेला गेलो. डॉक्टरनं फाईल बघितली आणि असे चिडले! "सहा महिने म्हटलं होतं. महिनाभर कुठं होता?" मी बोटं मोजून दाखवली. बोलली, मधी मळमास होता ना साहेब. डॉक्टरनं फाईल खाली ठेवली. मग बोलले, "बाई, तुमचा मळमास त्या नळीला कोणी सांगितला?"

मला तेव्हा तूच आठवलास. मळमासात तू घरी बसायचास थोडाच! भरती यायची, ओहोटी जायची, तू होडी काढायचास. नवसाचा हिशेब वेगळा आणि पाण्याचा वेगळा, हे मला दहाव्या वर्षी ठाऊक होतं आणि बाविसाव्या वर्षी विसरली. चूक तुजी नव्हती. मोजायला तूच शिकवलंस म्हणून मी इतकी वर्षं मनात थोडी तुज्यावर ढकलली होती, ती आज काढून घेते.

नळी त्याच जागी परत आवळलेली निघाली. परत तार, परत फुगा. या वेळी मी बाकावर रडली नाय, मला स्वतःचाच राग आला होता. बाहेर आल्यावर डॉक्टर बोलले, "आता परत सहा महिने. इंग्रजी महिने, बाई." मी कंपनीचं कॅलेंडर भिंतीला लावलं आणि रोज गोळी दिली की पोरीच्या काजळाच्या डबीत बोट बुडवून तारखेवर टिकली लावायची. टिकली नाय तर यांना जेवण नाय. आय आली की बोलायची, "भिंतीला नजर लागत नाय, तिला कशाला तीट?" पण तिनं परत काय तळलं नाय. बोंबील पण यांच्यासाठी वेगळे, बिनमिठाचे सुकवून आणायची आणि वर बोलायची, "आजाऱ्याचे हायत, कोणी हात लावू नका." हे चिडायचे, मी आजारी नाय. मी बोलायची, नाय तर नाय, खा.

सहा महिन्यांनी नळी उघडी. वर्षानं उघडी. मग दर वर्षाला एकदा. प्रत्येक वेळेला जायच्या आधी चार दिवस मला जेवण जात नाय, पट्टा जोरात केला की डोळ्यासमोर तू ओट्यावर बसलेला दिसतोस. बाकावर आमच्या बरोबरची माणसं असायची. एकाची तिसऱ्यांदा आवळली, त्याला छाती उघडून ऑपरेशन केलं, तो पण बरा हाय, मनोरला दुकान चालवतो. एक मास्तर होते, त्यांनी बरं वाटतं म्हणून गोळ्या सोडल्या, ते पुढच्या वर्षी आले नाय. सगळ्यांचं सारखं होत नाय. पण आमचं झालं, बाबा. काल डॉक्टरनं शिकणाऱ्या पोरांना बोलावून यांना त्यांच्यापुढं उभं केलं आणि बोलले, "आठ वर्षं झाली, बघून घ्या." मग माज्याकडं वळले, "आणि या बाई. यांना सोडा कधी द्यायचा नाही ते कळतं. बाई, यंदा मळमास आहे म्हणे?" मी बोलली, "हाय साहेब, चालूच हाय. म्हणून तर धरून आली." सगळी पोरं हसली.

यांना आता एक्केचाळीसावं चालू हाय. तुज्या पुढं गेले. पोरगी चौथी पास झाली, पाचवीची पुस्तकं आणली, ती माज्या पुढं गेली. हे पत्र तिच्याच जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहिलंय. घडी करून कॅलेंडरांच्या गुंडाळीत ठेवीन, आठही वर्षांची कॅलेंडरं मी टाकली नायत. ती कोण उघडत नाय.

एक राहिलं. काल परत येताना पालघर गेलं, उमरोळीला गाडी थांबली, तेव्हा हे पेरू खात खात बोलले, "आज बाबांची आठवण नाय काढलीस? दर वर्षी काढतेस." मी बोलली, काढली ना, मनात काढली. खोटं बोलली. पट्टा जोरात केला तेव्हा मी यांच्या पायांकडं बघून हसत होती. सकाळपासून उमरोळीपर्यंत एकदा पण नव्हती काढली, बाबा.